आईचा शब्द आणि मुलाची वाटी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण. बोलण्याच्या गडबडीत राहून गेलेले दोन मुद्दे छापताना घातले आहेत.)



चिटणीसबाईंनी मला 'बालकांचा आहार' या विषयावर बोला असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी सातवी पास झालेली बाई. हळदीकुंकवाला आभार मानण्यापलीकडे चार माणसांत उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला नाही. पण बाई म्हणाल्या, "तुम्ही दोन मुले वाढवलीत, आता नातू वाढतो आहे. त्यातलेच काही सांगा." तेवढेच सांगायला मी उभी राहिले आहे. काही चुकले तर पोटात घालावे.

मुलाला काय खायला घालावे हे मी आज सांगणार नाही. ते आपल्याला पाठ आहे. बाळ जन्मले की चीक पाजावा, सहा महिने आईच्या दुधावाचून पाण्याचा थेंबही देऊ नये, सातव्या महिन्यापासून वरचे सुरू करावे. गुरगुट्या भात, खिमट, नाचणीची पेज, भाजी, फळ, अंडे. त्यावर चमचाभर तूप किंवा तेल. दोन वर्षांपर्यंत अंगावरचेही चालू ठेवावे. अंगणवाडीच्या बाई हे दर महिन्याला सांगतात, दवाखान्याच्या भिंतीवर त्याची चित्रे लावलेली असतात.

तरीही आपल्या राज्यात मुलांची स्थिती काय आहे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांत ३५ मुले वयाच्या मानाने उंचीला कमी भरली. रक्त तपासले, तर १०० मुलांत ६९ मुलांचे रक्त कमी. देशभरातील सहा महिने ते दोन वर्षे वयाची मुले पाहिली, तर १०० मुलांत जेमतेम ११ मुलांच्या पोटात पुरेसे आणि चौरस अन्न जात होते.

म्हणजे आईला माहिती आहे, पुष्कळ घरांत धान्यही आहे, आणि मुलाच्या वाटीत मात्र ते पडत नाही. वाटेत कोठे अडते? मला वाटते, आईच्या शब्दापाशी अडते. काय द्यायचे हे आईला कळते, पण ते देण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्याच घरात शिकले.

मी १९९८ साली लग्न होऊन सातारा जिल्ह्यातील सासरी आले. घर मोठे. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई, आम्ही दोघे आणि लग्नाची एक नणंद. खाऊन-पिऊन सुखी असे घर. कणगीत जोंधळा, पोत्यात शेंगा, गोठ्यात दोन म्हशी. कोणी म्हणेल, या घरातले मूल उपाशी कसे राहील? मलाही तसेच वाटत होते.

१९९९ च्या आषाढात मला पहिला मुलगा झाला. जाऊबाईंची मुलगी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठी. दोन्ही मुले एकाच ओसरीवर रांगली, एकाच चुलीवरचे खाऊ लागली. मुलगा वर्षाचा झाला तेव्हा अंगणवाडीत वजने झाली. त्या वेळी झोळीचा टांगता काटा असे. जाऊबाईंची मुलगी नऊ किलो भरली. माझा मुलगा सहा किलो आठशे. अंगणवाडीच्या बाईंनी तक्त्यावर टिंब काढले आणि म्हणाल्या, "दुसऱ्या श्रेणीत आहे. जपा." त्या काळी पहिली ते चौथी अशा कुपोषणाच्या श्रेणी असत. आता हिरवा, पिवळा असे रंग असतात.

एक लक्षात घ्या. जाऊबाईंची मुलगी होती आणि माझा मुलगा. मुलगा म्हणून त्याचे लाड कमी झाले नव्हते. बारसे थाटात झाले होते. फरक मुलांत नव्हता, त्यांच्या आयांत होता. जाऊबाई थोरल्या, त्यांच्याकडे स्वयंपाकघर. मी धाकटी, माझ्याकडे गोठा आणि रान. पहाटे शेणघाण काढायची, धारा झाल्या की वैरण टाकायची, मग कामकऱ्यांची भाकरी घेऊन रानात जायचे. परत येईपर्यंत दिवस कलायचा. माझे बाळ ओसरीवर म्हाताऱ्या आजेसासूंपाशी. त्या बिचाऱ्या हलू शकत नव्हत्या. मूल रडले की चहात टोस्ट बुडवून देत. टोस्टाने पोट भरले की ते झोपे. जाऊबाईंची मुलगी त्यांच्या पायापाशीच असे. वरणाचे पातेले उतरले की पहिला चमचा तिच्या वाटीत. त्यात जाऊबाईंनी माझ्या मुलाचे काही काढून घेतले असे नव्हे. आपले मूल समोर असले की हात आपोआप तिकडे जातो.

अंगणवाडीच्या बाईंनी मला सांगितले होते, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवा, प्रत्येक वाटीत चमचाभर तूप घाला, एक पेला दूध द्या. मी मान हलवली. पण भगिनींनो, तुपाचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर असे आणि फडताळाची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. "माझ्या मुलाला तूप द्या" असे धाकट्या सुनेने म्हणणे, म्हणजे या घरात मुलाला पुरेसे मिळत नाही असे म्हणणे. ते माझ्या तोंडून कसे निघणार? दुधाचे तर विचारूच नका. चरवीतले दूध सरळ डेअरीच्या किटलीत जाई. चहापुरते मागे ठेवीत. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होई, डेअरीचे पुस्तक सासऱ्यांच्या नावावर. धार मी काढी, पण पेलाभर दूध बाजूला काढण्याची मुभा मला नव्हती. कोणी तसे बजावले नव्हते. विचारण्याची रीतच नव्हती.

माझे स्वतःचे जेवण सर्वांच्या मागून. तोवर भाजीच्या पातेल्यात रस्सा उरलेला असे. पोट भाकरी-चटणीने भरे, पण अंगात त्राण नसे. बाळंतपणाआधी लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. त्यांनी मूल काळे होते असे कोणीतरी म्हणाले, म्हणून त्या बंद केल्या. बंद करायच्या की चालू ठेवायच्या हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही बोलले नाही.

श्रावणात मुलाला जुलाब लागले. आज मला ठाऊक आहे की तेव्हा जलसंजीवनी थोडी थोडी पाजत राहावे, अंगावरचे आणि मऊ अन्न बंद करू नये. त्या वेळी घरात म्हणाले, पोटाला आराम द्या. खाणे बंद झाले. मला दवाखान्यात न्यायचे होते. पैसे थोरल्या दिरांकडे, ते बाजारच्या गावी गेलेले. मालक रानात, तेही दादांना विचारल्याशिवाय हलणारे नव्हेत. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तालुक्याला नेले तेव्हा मुलाचे डोळे खोल गेले होते. डॉक्टर म्हणाले, काल आणायला काय झाले होते? मी खाली पाहत उभी राहिले.

मूल वाचले. पण पुढच्या वजनाला काट्यावर सहा किलोच भरले. तिसरी श्रेणी.

आता अंगणवाडीच्या बाईंचे शहाणपण पाहा. त्यांनी मला आणखी उपदेश केला नाही. त्या घरी आल्या, ओसरीवर बसल्या, आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "पुढच्या वजनाला नातवाला तुम्ही घेऊन या. मला तुमच्याशी बोलायचे आहे." आत्याबाई गेल्या. त्यांच्यासमोर दोन्ही नातवंडांची वजने झाली. काटा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. परत आल्या त्या काही बोलल्या नाहीत. रात्री मी भांडी घासत होते, तेव्हा परसात येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझी दोन गेली. एक सहा महिन्यांचे, एक दीड वर्षाचे. तेव्हा मला कोणी विचारले होते का, काय देऊ म्हणून?"

मी त्यांना कठोर समजत होते. त्या रात्री मला कळले, की त्यांच्या हातात किल्ली आली तेव्हा त्यांची मुले मोठी झालेली होती. ज्या वयात त्यांना तिची गरज होती, तेव्हा ती त्यांच्या सासूच्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात चार गोष्टी बदलल्या. तुपाचा डबा खालच्या फळीवर आला आणि त्या फडताळाला कुलूप राहिले नाही. धार झाली की किटलीत ओतण्याआधी दोन्ही मुलांचे दोन पेले बाजूला काढायचे. सकाळची शेणघाण झाली की मी तासभर घरी राहून मुलाला भरवायचे, रानातली भाकरी नणंद नेईल. आणि मिठाच्या बरणीमागे शंभराची एक नोट राहील. मूल आजारी पडले तर आईने कोणाची वाट न पाहता निघायचे. सासरे कुरकुरले, म्हणाले दुधाचा पगार कमी येईल. आत्याबाई म्हणाल्या, "येऊ दे कमी."

माझा मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा नऊ किलो भरला. पहिल्या श्रेणीत आला. नवे औषध नाही, बाहेरून आणलेला डबा नाही. तेच घर, तीच म्हैस, तोच जोंधळा. मात्र गेलेले सगळे परत आले नाही. आज तो कर्ता झाला आहे, वर्कशॉपात नोकरी करतो, अंगाने काटक आहे. पण त्याची चुलत बहीण त्याच्याहून चार बोटे उंच आहे. लग्नकार्यात दोघे शेजारी उभे राहिले की लोक थट्टा करतात. मी हसते, पण मला तो झोळीचा काटा आठवतो. गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत उंचीचा पाया बसतो. त्यात राहिलेले पुढे भरून काढणे फार अवघड जाते, असे डॉक्टर सांगतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीने, ती कॉलेजात शिकली, मला एक लेख वाचून दाखवला. रीतिका खेरा, डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स या तीन अभ्यासकांनी आपल्या देशातील खेड्यांतल्या एकत्र कुटुंबांचा अभ्यास केला आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांची मुले त्यांनी तपासली. घर एक, शेत एक. तरी धाकट्या सुनेची मुले थोरल्या सुनेच्या मुलांपेक्षा सरासरीने उंचीला कमी आढळली. घरच्या निर्णयांत धाकट्या सुनेचे कमी चालते, असेही त्यांना दिसले. मुलगी वाचत होती आणि मी गहू निवडत होते. माझा हात थांबला. मला वाटत होते ही माझ्या एकटीच्या घरची गोष्ट आहे.

तिनेच आणखी एक सांगितले. २००३ साली आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने ३६ देशांतील माहितीचा अभ्यास छापला. त्यांचा हिशेब असा, की दक्षिण आशियात बाईचा दर्जा पुरुषाच्या बरोबरीचा झाला, तर तीन वर्षांखालच्या कमी वजनाच्या मुलांची संख्या सुमारे १ कोटी ३४ लाखांनी घटेल. एवढी मुले, भगिनींनो, नुसत्या आयांना मान मिळाल्याने.

आता कोणी विचारील, घरात बाईचे चालते की नाही हे ओळखायचे कसे? सरकारी पाहणीत बायकांना तीन गोष्टी विचारतात. तुमच्या स्वतःच्या औषधपाण्याचा निर्णय कोण घेते? घरातली मोठी खरेदी कोण ठरवते? माहेरी किंवा नातलगांकडे जायचे ते कोण ठरवते? प्रश्न चांगले आहेत. पण यांतले काही रोजचे नाही. फ्रिज घ्यायला मालकांनी मला बरोबर नेले, रंग विचारला, तर मी 'निर्णयात भाग घेतला' असे म्हणेन. तेवढ्याने नातवाच्या वाटीत तूप पडत नाही. म्हणून मी माझे साधे प्रश्न काढले आहेत. तुपाचा डबा कोणत्या फळीवर आहे? दूध डेअरीला जाण्याआधी मुलाचे निघते की उरले तर निघते? मूल रात्री तापाने फणफणले तर आई स्वतः उठून रिक्षा बोलावू शकते का? आणि जेवायला ती केव्हा बसते? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या घरातले मूल कसे असेल हे मी सांगू शकेन.

कायद्याने आपल्याला पुष्कळ दिले आहे, ते मान्य करायला हवे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे असे राज्याने ठरवले. त्याच वर्षी लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि महिन्याचे १,५०० रुपये बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. पण कागदावरचे नाव आणि हातातली सत्ता यांत अंतर असते. रेशनकार्डावरची मोठी स्त्री म्हणजे बहुधा सासू. तान्ह्या मुलाची आई त्या कार्डावर तिसऱ्या-चौथ्या ओळीत असते. आणि बँकेचे म्हणाल, तर खात्याला जोडलेला मोबाईल आपल्यापैकी किती जणींचा स्वतःचा आहे? पैसे जमा झाल्याचा निरोप कोणाच्या खिशात वाजतो? याचे उत्तर इथे देऊ नका, घरी जाऊन स्वतःला द्या.

ऊसतोडीला आपल्याकडे दर हंगामात कुटुंबे येतात, ती आपण पाहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांच्या कामावर उचल मिळते, आणि ती सहसा नवऱ्याच्या हातात पडते. ती बाई पहाटे चारला उठून भाकरी करते, मूल फडाच्या कडेला ठेवून मोळ्या बांधते. तिला चौरस आहाराचे भाषण देण्यात काय अर्थ? तिला त्या उचलीतला तिचा वाटा हाती मिळाला पाहिजे आणि मूल ठेवायला जागा पाहिजे. जिथे धान्यच नाही, तिथे नुसत्या अधिकाराने हंडी शिजत नाही, हेही मी जाणते. पण जे थोडे आहे, त्यातले आधी कोणाच्या तोंडी लागेल, हे तिथेही कोणीतरी ठरवतच असते.

काही तरुण मुली म्हणतात, मग वेगळे राहिले म्हणजे झाले. याचाही अनुभव मी घेतला आहे. २००३ साली आम्ही वेगळे झालो. त्याच वर्षी मुलगी झाली. आता डबा माझा, किल्ली माझी, दूध माझे. पण मूल धरायला कोणी नाही. चूल पेटवू की तिला भरवू, रानात जाऊ की तिच्याजवळ बसू? अधिकार होता, पण वेळ नव्हता. शेवटी आत्याबाई रोज सकाळी आमच्या घरी येऊन बसू लागल्या. मी वाटी भरून ठेवी, त्या सावकाश, गोष्टी सांगत भरवीत. माझी मुलगी धडधाकट वाढली, त्यात निम्मे श्रेय त्यांचे आहे. म्हणून मी सासूविरुद्ध बोलते आहे असे कोणी समजू नये. म्हाताऱ्या हाताची माया आणि आईचा शब्द, मुलाला दोन्ही हवीत. आणि पुरुषांनाही सांगते, कारण मागे दाराशी काही उभे आहेत: मुलाला तासभर सांभाळल्याने पुरुषपण कमी होत नाही. आईचा तो एक तास मोकळा झाला, तर तो मुलाच्या अंगी लागतो.

आता शेवटचे, आणि ते सांगायला मला जड जाते.

२०२३ साली मुलाचे लग्न झाले. पुढच्या वर्षी नातू झाला. सून बारावी शिकलेली, मला आई म्हणते. मी मनाशी ठरवले होते, की मी जे सोसले ते हिला सोसू देणार नाही. नातू आठ महिन्यांचा होता. एके दिवशी मी बाहेरून आले, तर सून त्याला उकडलेले अंडे कुस्करून भरवत होती. आमच्या घरात अंडी खातात, पण माझ्या मनात आले, एवढ्या लहानग्याला उष्ण पडेल. मी पटकन म्हणून गेले, "दात तरी येऊ दे त्याला. असले काही करायचे तर मला विचारून करत जा."

ती काही बोलली नाही. वाटी खाली ठेवली, मुलाचे तोंड पुसले आणि उठली.

मी हातपाय धुवायला मोरीत गेले आणि तिथेच उभी राहिले. शब्द माझे होते, पण असा आवाज मी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकला होता. ती मान खाली घालणेही मला ओळखीचे होते, ते माझेच होते. ज्या मुलीला आहारातले माझ्याहून अधिक कळते, तिला मी वाटी खाली ठेवायला लावली होती. पुढे दोन दिवस तिने मुलाला अंडे दिले नाही. भीतीने नव्हे, घरात वाद नको म्हणून. आपण सगळ्या अशाच गप्प बसतो, वाद नको म्हणून, आणि भोगते ते मूल.

तिसऱ्या दिवशी मीच अंडे उकडले, सोलले, वाटीत घातले आणि तिच्या हातात दिले. म्हटले, "मला कळत नव्हते. तुला कळते तसे दे. पुढे मी काही बोलले तर 'आई, हे माझ्याकडे आहे' असे मला सरळ सांग." ती हसली. त्यानंतर एकदा तिने तसे सांगितले. मला राग आला, खोटे कशाला बोलू? पण मी गप्प बसले. राग तासाभरात गेला. नातवाचे वजन या महिन्यात हिरव्या पट्ट्यात आहे.

तेव्हा आत्याबाईंचे मोल मला नव्याने कळले. हातात आलेली किल्ली सोडणे सोपे नसते. आपल्याला ती इतक्या उशिरा मिळते, की ती सोडायला मन होत नाही. त्यांनी तर कोणी शिकवलेले नसताना, लेख वाचलेला नसताना, एक काटा पाहून ती सोडली. त्या २०१४ साली गेल्या. हे त्यांच्यासमोर बोलायचे राहून गेले.

तर या वर्धापनदिनाला माझी मंडळाला विनंती आहे. पाककृतींच्या स्पर्धा आपण घेतो, त्या घ्याव्याच. पण त्याबरोबर काही साध्या गोष्टी प्रत्येक सभासदेने आपल्या घरात कराव्या. मुलाची वाटी वेगळी असावी आणि ती सगळ्यांच्या आधी भरावी. वेगळी वाटी असली म्हणजे त्याने किती खाल्ले तेही कळते. डेअरीला दूध घालणाऱ्यांनी मुलाचा पेला आधी काढावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या सुनेला सगळ्यांबरोबर पंगतीत बसवावे. महाराष्ट्रात १०० बायकांत ५४ जणींचे रक्त कमी आहे, हे त्याच पाहणीत दिसले आहे. रक्त कमी असलेली आई मुलाच्या मागे वाटी घेऊन किती धावणार? लोहाच्या गोळ्या तिला पुरे दिवस घेऊ द्याव्या, आणि त्यावर चहा देऊ नये. आईच्या हाताशी थोडे पैसे असावे आणि मूल आजारी पडले तर विचारण्यासाठी तिने थांबू नये. आणि वजनाच्या दिवशी मुलाबरोबर सासूने जावे, जमेल तर बापानेही जावे. काटा एकट्या आईला दाखवून उपयोग नाही. ज्यांच्या हातात किल्ली आहे, त्यांना तो दाखवला पाहिजे.

यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. एखादी नवी योजना येण्याची वाट पाहायचीही गरज नाही. आज संध्याकाळी घरी गेल्यावर फडताळ उघडून पाहा, तुपाचा डबा कोणत्या फळीवर आहे. उंच असेल तर खाली ठेवा. सून विचारील, खाली का ठेवलात? तिला सांगा, तुझ्या हाताला लागावा म्हणून.